डाव्या हाताची चिठ्ठी

मी शिकवायची प्रत बोलतेय. पुस्तक म्हणा हवं तर. पण पुस्तक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या कपाटातली कोरी करकरीत पानं येतात, आणि माझं तसलं काही नाही. वाचायची प्रत वेगळी, शिकवायची वेगळी. वाचायच्या प्रतीला माणसं उशाशी घेऊन झोपतात. शिकवायच्या प्रतीच्या वाट्याला खडूची भुकटी येते, आणि वर्ग गप्प बसेना की टेबलावर आपटून घेणं येतं. मी ते सगळं सोसलंय आणि कुरकुर केलेली नाही.

आज तोंड उघडलंय ते वेगळ्या कारणानं. माझ्या हातून एक चूक झाली. मला हात नाहीत हे मला ठाऊक आहे, पण चूक माझीच. ती सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जन्म छापखान्यातला. एका दिवसात आम्ही हजार जणी जन्मलो, त्यातल्या बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. मला एका शाळेच्या ग्रंथालयानं घेतलं. तिथल्या ग्रंथपालांनी माझ्या पहिल्या पानावर शिक्का मारला, तो तिरका बसला म्हणून स्वतःशीच चुकचुकले, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जाड कागदाचं एक पाकीट चिकटवलं. पुस्तक कोणी नेलं, कधी आणलं, त्याचं कार्ड ठेवायचं ते पाकीट. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथलाच आहे.

मग बाई आल्या. तेव्हा नव्या होत्या, वर्गात शिरताना पदर सावरायच्या आणि दोनदा घसा खाकरायच्या. त्यांनी मला एका आठवड्यासाठी नेलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. ग्रंथपाल काका वाटेत भेटले की अजून विचारतात, "काय बाई, आठवडा संपला का?" आणि बाई दरवेळी म्हणतात, "संपत आला, काका."

माझ्यात बारा गोष्टी आहेत, पण बाई शिकवतात एकच. गेली कित्येक वर्षं ती सोळा वर्षांच्या मुलांना नेमलेली आहे. एक कारकून, कचेरीत दिवसभर कागदांवर शिक्के मारणारा. एके संध्याकाळी घरी येतो, भिंतीला पाठ टेकून बसतो, आणि त्याला उठता येत नाही. पाठ भिंतीत रुतायला लागते. घरचे आधी रडारड करतात, मग वैद्याला बोलावतात, मग सवय होते. त्याच्यापुढे कपडे वाळत घालतात, कपाट सरकवतात. तो हाका मारतो तेव्हा शेजारी कुणी खोली बांधतंय असं त्यांना वाटतं. पुढे चुन्याचा हात फिरतो आणि तो पुरता भिंत होतो. शेवटच्या पानावर त्याची आई एक खिळा आणते, त्या भिंतीत ठोकते, आणि त्यावर त्याचाच फोटो लावते. लांबून बघते आणि म्हणते, आता कसं घर भरल्यासारखं वाटतं.

झालं, एवढीच गोष्ट. नऊ पानं. त्या नऊ पानांच्या समासात बाईंच्या पेन्सिलीनं एकोणीस वर्षांचा संसार मांडलाय. इथे थांब. इथे हसतील, हसू दे. इथे खिडकीबाहेर बघू नकोस. खिळ्याच्या परिच्छेदापाशी नुसतं लिहिलंय, पाणी पी. बाई खरंच पाणी पितात. मुलांना वाटतं घसा सुकला. घसा कसला सुकतोय, दरवर्षी त्यांचा आवाज तिथे कापतो आणि दरवर्षी त्यांना त्याची लाज वाटते.

बाईंची एक पद्धत आहे, ती दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं मला वाटत नाही. गोष्ट संपली की चर्चा करायची नाही. आधी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी. प्रश्न एकच: भिंतीच्या जागी तुम्ही असतात, तर घरच्यांना काय सांगितलं असतं? नाव घालायचं नाही. आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून डाव्या हातानं लिहायचं. जे डावखुरे, त्यांनी उजव्या. मग मला बाकाबाकावरून फिरवतात. ज्यानं त्यानं आपली चिठ्ठी माझ्या पानांत सरकवायची आणि मला पुढे द्यायचं. शिक्षकांच्या खोलीत गेल्यावर बाई मला दोन्ही पुठ्ठ्यांना धरून उलटं करतात आणि झटकतात. चिठ्ठ्या टेबलावर पडतात. चहा पीत पीत त्या वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा.

मुलं काय एकेक लिहितात म्हणून सांगू. रंग तरी बरा लावा, पोपटी नको. माझ्यासमोर टीव्ही ठेवा, मॅच आहे. आई, शिक्षकांना सांग मी गृहपाठ करू शकत नाही. वेडंवाकडं अक्षर, कावळ्याचे पाय. मधूनच एखादी चिठ्ठी अशी निघते की बाई चहाचा कप खाली ठेवतात. पण तशीसुद्धा आजवर जी निघाली ती रोजच्या दुखण्याची होती, बाबा रागावतात, मैत्रीण बोलत नाही, असली. यंदापर्यंत.

यंदा मंगळवारी गोष्ट संपली. वर्गात एकतीस मुलं. मी पहिल्या बाकावरून निघाले आणि हातोहात फिरले. मला हातांची पारख आहे, दुसरं मला आहे काय. कुणाचे घामट, कुणाचे शाईचे, कुणाच्या बोटांना डब्यातल्या खाऊचा वास. चौथ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसते. सगळे शिक्षक तिला गुणी म्हणतात, इतकं की खऱ्या नावानं हाक मारायचंच विसरलेत. वह्या नीटनेटक्या, उत्तर वेळेत, तक्रार शून्य. ती मला उघडते तेव्हा पान दुमडत नाही. त्या दिवशी तिनं मला उघडलं, दोन बोटं आत घातली, आणि मिटलं. बोटांत चिठ्ठी नव्हती. कोरी चिठ्ठी तिनं आधीच घडी करून दप्तरात टाकली होती. दाखवायला म्हणून रिकामी बोटं घातली आणि मला पुढे दिलं. बोटं गार होती.

मी ओरडले असते हो. पण मी कोण, समासाशिवाय मला तोंड नाही.

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी मला उलटं केलं आणि झटकलं. यंदा जरा जास्तच जोरात, कारण एक चिठ्ठी मधे अडकली होती. माझ्या मागच्या पुठ्ठ्यात काहीतरी कडकन उकललं, ते जुनं पाकीट एका कडेनं सुटलं, आणि त्याच्या पाठीमागून एक चिठ्ठी इतरांवर पडली. बाईंनी मोजल्या. एकतीस. एकतीस मुलं, एकतीस चिठ्ठ्या, हिशोब चोख. त्यांनी कप उचलला आणि वाचायला सुरुवात केली.

सतराव्या चिठ्ठीला कप तसाच राहिला. त्यात लिहिलं होतं: "काही सांगणार नाही. मी गेल्या वर्षापासून भिंतच आहे, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. खिळा ठोकलात तरी चालेल, मला आता लागत नाही."

बाईंनी ती तीनदा वाचली. उलटी करून बघितली. मागे जुन्या प्रश्नपत्रिकेची छपाई, पण त्यात नवल नव्हतं, काटकसर म्हणून बाई चिठ्ठ्या नेहमी रद्दीच्या पाठकोऱ्या कागदांच्याच फाडतात. अक्षर म्हणाल तर डाव्या हाताचं. कुणाचंही असू शकतं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ओळख पटू नये म्हणून ही युक्ती त्यांनीच काढली होती आणि आता ती त्यांच्याच गळ्यात आली होती.

खरं म्हणजे त्यांनी ही चिठ्ठी कुणाला दाखवायला नको होती. पण एकटीनं पेलवेना म्हणून मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलेला हवा असतो. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाले की मी आधीपासून सांगत होतो, जगण्यात काही अर्थ नाही असलं शिकवायचंच कशाला, ह्या वयात पोरांना उमेद द्यायची सोडून. मग म्हणाले की उद्या सकाळी सगळी शाळा मैदानात उभी असताना ध्वनिक्षेपकावरून ही वाचून दाखवू, ज्यानं लिहिली त्यानं कार्यालयात यावं. बाईंच्या हातात मी होते. त्यांची पकड अशी काही घट्ट झाली की माझ्या कण्याची शिवण दुखली.

बाईंनी त्यांना विनवलं. म्हणाल्या, जे मूल आधीच भिंत झालंय त्याच्यात तुम्ही साऱ्या शाळेदेखत खिळा ठोकणार. पण मुख्याध्यापक हट्ट सोडेनात. त्यांचंही खरं होतं, काही बरंवाईट झालं तर जाब त्यांनाच द्यायचा होता. शेवटी शुक्रवार ठरला. शुक्रवारी शेवटच्या तासापर्यंत बाईंनी शोधून काढायचं, नाहीतर ध्वनिक्षेपक.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मला आठवलं की अजून पानं आक्रसतात.

बुधवारी चर्चेच्या तासाला बाई मुलांकडे अशा बघत होत्या की मुलंच बावरली. एकजण विचारत होता, बाई, मग त्या माणसाच्या जगण्याला अर्थच नव्हता का? एरवी ह्या प्रश्नावर बाई अर्धा तास रंगतात. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या की अर्थ नव्हता असं गोष्टीत कुठे लिहिलंय ते दाखव, गोष्टीत एवढंच लिहिलंय की त्या घरात कुणी वाकून बघितलं नाही. आणि पुन्हा चेहरे न्याहाळायला लागल्या.

तिसऱ्या बाकावर एक मुलगा रोज डुलक्या घेतो. बाईंना वाटलं हाच. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं, पाठीवर हात ठेवला, हळूच विचारलं, झोप का येत नाही रात्री, काही मनात आहे का? पोरगा म्हणाला, घरात नवी बहीण आलीय, ती झोपू देत नाही, आणि बाई, तुम्ही घेऊन जाता का तिला दोन दिवस? मग एक मुलगी, वहीवर काळे चौकोन काढणारी. तिला घरबांधणी शिकायची होती आणि ते चौकोन म्हणजे खोल्यांचे नकाशे होते. एकजण डबा एकटाच खायचा, कारण त्याला तो कुणाला द्यायचा नव्हता. बाई अशा दारोदार फिरल्या. गुणीपाशीही थांबल्या. तिला विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, हो बाई, छान. वहीसुद्धा दाखवली. बाईंनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

त्या वेळी मी टेबलावर पालथी पडले होते. तुम्हाला सांगते, त्या कारकुनाच्या गोष्टीची नऊ पानं मी एकोणीस वर्षं पोटात घेऊन आहे, पण ती मला कळली त्या दिवशी. समोर सगळं दिसतंय, ठाऊक आहे, आणि आवाज म्हणून बाहेर काही पडत नाही.

गुरुवारी दुपारी बाई ग्रंथालयात जाऊन बसल्या. काकांनी विचारलं नाही, नुसता पंखा त्यांच्याकडे वळवला. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि सुटलेलं पाकीट बघून त्यांना राहवेना. म्हणाले, द्या इकडे, चिकटवून देतो. बाईंनी मला सरकवलं. माझ्यात ती चिठ्ठी होती, बाई ती माझ्यातच ठेवून हिंडत होत्या. काकांनी ती बाजूला काढायला उचलली, आणि उचलल्यावर खाली ठेवेनात. तिचा एक कोपरा तपकिरी, कडक होता. त्यांनी तो नखानं खरवडला आणि नाकाशी नेला.

"बाई, ही यंदाची नाही," ते म्हणाले. "हा माझा डिंक आहे. मी कढवायचो तो. बाटलीतला गोंद यायला लागल्यापासून मी डिंक कढवलेला नाही."

बाईंना समजेना. काकांनी माझा मागचा पुठ्ठा उघडून दाखवला. पाकिटाच्या पाठीमागे त्याच तपकिरी डिंकात एका चौकोनाची रेघ होती, चिठ्ठीच्या मापाची. मग त्यांनी कपाटातून दुरुस्तीची वही काढली. काका म्हणजे शिस्तीचं काम. कुठल्या पुस्तकाला कधी काय डकवलं ते सगळं त्यात तारीखवार. माझं नाव सापडलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, पाकीट फाटलेले, नवे डकविले.

अकरा वर्षांपूर्वी बाईंनी मला झटकलं, बऱ्याचशा चिठ्ठ्या पडल्या, एक पाकिटाच्या फटीत राहिली. घाई होती, बाईंनी मोजल्या नाहीत. त्याच दुपारी मला दुरुस्तीला दिलं. काकांनी ओला डिंक लावला आणि वरून नवं पाकीट दाबलं. चिठ्ठी आत. आणि मी ती धरून ठेवली. हीच माझी चूक. मी काय करू शकले असते ते विचारू नका, मी स्वतःला रोज विचारते.

ती कुणी लिहिली ते मला माहीत होतं. त्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. तोंड कधी बंद नसायचं म्हणून. शिक्षकांच्या नकला, बातम्या, क्रिकेटचं धावतं वर्णन, सगळा वर्ग त्याच्यावर हसून लोळायचा. मला फिरवताना त्यानं माझ्यावर तबल्यासारखा ठेका धरला होता. आणि ठेका धरता धरता चिठ्ठी आत सरकवली.

काका चिठ्ठी हातात घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. बाई मात्र एकाएकी बोटांवर मोजायला लागल्या. एकतीस मुलं, एकतीस चिठ्ठ्या, त्यातली ही अकरा वर्षांपूर्वीची. मग राहिल्या तीस. त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काका, एका मुलानं लिहिलंच नाही.

शुक्रवारी तिसरा तास. बाईंनी टेबल रिकामं केलं, सगळ्या चिठ्ठ्या त्यावर मांडल्या आणि सांगितलं, एकेकानं यायचं, आपापली चिठ्ठी घेऊन जायची, कुणाला दाखवायची नाही. जुनी चिठ्ठीही त्यांनी मांडली. काका आदल्या दिवशी म्हणाले होते, ती काढून ठेवा. बाई म्हणाल्या होत्या, राहू दे. ज्यानं लिहिलं नाही त्याच्यापुढे ती एकटीच उरेल. माझं नाही असं म्हणाला तर तसं, निदान माझ्याशी बोलेल तरी.

मी टेबलाच्या कोपऱ्यावर होते. मुलं येत गेली, चिठ्ठ्या उचलत गेली, ढकलाढकली, खिदळणं. शंका आलीच तर मुलं चिठ्ठी वाचून परत ठेवत होती. ती जुनी दोघांनी उचलली, वाचली, आणि चटका बसावा तशी ठेवली. टेबल मोकळं होत गेलं. गुणी उठली नव्हती. रांगेत ती नेहमी इतरांना पुढे जाऊ देते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. शेवटी ती आली. टेबलावर एकच चिठ्ठी.

तिनं ती वाचली. बाई फळ्याकडे वळून उगाचच पुसलेला फळा पुन्हा पुसत होत्या. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिनं म्हणायचं होतं की बाई, मी लिहिलीच नव्हती, माझी नाही. सरळ, साधं, खरं. तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि मुठीत धरली.

"ही माझी आहे, बाई," ती म्हणाली.

बाई वळल्या. त्यांना ठाऊक होतं की तो कागद ही पोर पाच वर्षांची होती तेव्हाचा आहे. त्यांनी विचारलं, "नक्की?"

"डाव्या हाताचं अक्षर आहे, म्हणून ओळखू येत नाही. पण माझीच आहे."

बाईंनी ते खोटं म्हणून खोडलं नाही. वर्गाला म्हणाल्या, मैदानावर जा, तास सोडलाय. एकतीसमधली तीस मुलं दोन मिनिटांत पसार झाली. मग बाई टेबलामागून बाहेर आल्या आणि गुणीशेजारी, मुलांच्या बाकावर बसल्या. एकोणीस वर्षांत मी त्यांना त्या बाकांवर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, तुझी आहे ना, मग वाच मला, मी ऐकते.

तिनं वाचली, आणि मग न लिहिलेलं सांगायला लागली. घरी मोठा भाऊ दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. आईबाबांचा सगळा जीव त्याच्यात, आणि तो असायलाच हवा, ती म्हणाली, मी काही रडत नाही त्याबद्दल. फक्त घरात तिच्याशी बोलायचं कुणाला काही कारण पडत नाही. ती त्रास देत नाही ना. जेवली का म्हणूनही विचारत नाहीत, कारण ती आपली वाढून घेते. एकदा तिनं तीन दिवस मुद्दाम तोंडातून शब्द काढला नाही, कुणाच्या ध्यानात येतं का बघायला. चौथ्या दिवशी आई शेजारणीला सांगत होती, धाकटीचं काही बघावं लागत नाही, फार गुणी आहे. त्या दिवसापासून तिला ते नाव नकोसं झालं. बुधवारी बाईंनी बरी आहेस का विचारलं तेव्हा तिला सांगायचं होतं, पण तोंडातून छान एवढंच निघालं. सवयीनं.

बाई रडल्या. सरळ रडल्या, पाणी वगैरे प्यायल्या नाहीत. तिला नावानं हाक मारली, तिच्या खऱ्या नावानं, आणि म्हणाल्या, मी तुझ्या नावापुढे खूण केली होती गं.

ध्वनिक्षेपक वाजला नाही. मुख्याध्यापक स्वतः बाईंबरोबर तिच्या घरी गेले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. तिच्या वहीवरून नुसता हात फिरवत बसली. आता ती रोज संध्याकाळी फाटकाशी न्यायला येते. पोर सोळा वर्षांची, चिडते, आई मी काय लहान आहे का म्हणते. चिडते म्हणजे बरी आहे.

इथे संपवलं असतं तरी चाललं असतं. पण बाईंच्या मनातून ती अकरा वर्षं जाईनात. कार्यालयातून त्यांनी त्या सालच्या वर्गाची यादी काढून घेतली. अडतीस नावं. घरचे जुने नंबर, कुणाचे बदललेले, कुणाचे वडिलांकडून मिळालेले. रोज दुपारी रिकाम्या तासाला फोन करायला लागल्या. मला यादीवर ठेवतात, वाऱ्यानं उडू नये म्हणून. चिठ्ठीचं नाव काढत नाहीत. म्हणतात, सहज केला, कसा आहेस? लोक आधी घाबरतात, मग भडाभडा बोलतात. एकीनं तर भाजी जळेपर्यंत सोडलं नाही. फोन ठेवला की बाई नावापुढे पेन्सिल टेकवतात आणि पुन्हा उचलतात. खूण करत नाहीत. ती सवय त्यांनी मोडली.

रेडिओ यादीत चौतिसावा. मी नुसती मोजत होते. बाईंना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं, आणि तो आहे की नाही हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं. काल तेहेतीस झाले. आज दुपारी बाईंनी फोन माझ्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि चौतिसावा नंबर दाबला. घंटी वाजत राहिली. दहा, बारा, पंधरा. बाई बंद करायला गेल्या.

"हॅलो, बोला." मागे ट्रकच्या इंजिनाची घरघर. तोच आवाज, जाड झालेला.

बाईंनी ओळख सांगितली. मग काय, रेडिओ सुरू. बाई तुम्ही, काय सांगता, मी ट्रक चालवतो, सगळा मुलूख पालथा घातला, मुख्याध्यापक अजून चष्मा काढतात का, आणि त्यांची नक्कलही करून दाखवली. बाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "कसा आहेस?"

 नुसती घरघर. मग ती घरघरही बंद झाली. त्यानं गाडी बाजूला घेतली असावी.

"बाई," तो म्हणाला, "त्या भिंतीच्या गोष्टीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात आलात आणि माझ्याकडे बघून हसलात. आठवतं?"

बाईंना आठवत नव्हतं. त्याच्याकडे बघून सगळेच हसायचे.

"मला वाटलं, चिठ्ठी वाचून हसलात."

बाईंचा हात माझ्यावर होता. त्या फोनवर वाकल्या.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "ती मला मिळालीच नव्हती. पुस्तकात अडकून बसली होती. गेल्या महिन्यात मिळाली, त्या दिवसापासून तुला शोधतेय."

 रेडिओ, आणि काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, गेल्या महिन्यात? आणि पुन्हा एकदा म्हणाला, गेल्या महिन्यात.

"सांग मला," बाई म्हणाल्या. "मला वेळ आहे."

ते अजून बोलताहेत. तास संपल्याची घंटा झाली, बाईंनी दाराशी आलेल्या मुलाला हातानंच थांबवलं. मी फोनखाली आहे, मला प्रत्येक शब्द ऐकू येतोय, पण ते मी तुम्हाला सांगायची नाही. तो बाईंना सांगतोय.

माझं म्हणाल तर मी आता म्हातारी झाले. कणा उसवलाय, सातव्या गोष्टीची पानं सुटी झालीत. पाकीट एका कडेनं लोंबतंय. काका गोंदाची बाटली घेऊन दोनदा येऊन गेले, पण बाई नको म्हणाल्या, आणि मलाही ते उघडंच बरं वाटतं. एवढंच मागणं आहे. उद्या मी दुसऱ्या कुणाच्या हाती गेले, किंवा माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली, तर वाचून झाल्यावर तिला लगेच मिटू नका. उलटी धरा, जोरात झटका. फाटली तरी चालेल.